अंगठ्याची जागा

परळला आमच्या गाळ्याच्या दारावर एक पाटी आहे. ‘भेटण्याची वेळ : मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा. आत खाण्याचे पदार्थ आणू नयेत.’ कुरिअर घेऊन येणारा नवा माणूस ती वाचून चपला बाहेर काढतो आणि हळू आवाजात विचारतो, “डॉक्टर आहेत का?”

डॉक्टर नाहीत. आत मी असते, सागवानाचा भुसा असतो आणि भिंतीला टांगलेल्या बेस गिटार असतात. काही नव्या, काही दुरुस्तीला आलेल्या. पाटी या दुरुस्तीवाल्यांमुळे लावावी लागली. गिटार नाही हो, त्यांच्या मालकांमुळे.

आधी बेस म्हणजे काय ते सांगते, कारण लग्नाकार्यात कोणी मला “तुम्ही काय करता?” विचारलं की पुढची दहा मिनिटं त्यातच जातात. साध्या गिटारपेक्षा लांब मान, चार जाड तारा आणि खालचा, जाडसर आवाज. ऑर्केस्ट्रात गाणारा पुढे उभा असतो, ढोलकीवाल्याला टाळ्या पडतात, बेसवाला मागे पडद्याला चिकटून उभा. तो वाजवत असताना कोणाचंच लक्ष नसतं. थांबला की मात्र सगळे मान वळवून बघतात, की काहीतरी पडलं का.

हे वाद्य कारखान्यात हजारांनी बनतं आणि चांगलंही बनतं. आम्ही हाताने बनवतो. बॉडीसाठी पाडकामातलं सागवान घेतो. गिरणगावातल्या जुन्या इमारतींच्या तुळया इतकी वर्षं वाळलेल्या असतात की त्यांना आता काही नवीन सुचत नाही. वाकत नाहीत, फुगत नाहीत. गिऱ्हाइकाचा पंजा पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने आखून घेतो आणि त्या मापाने मान तासायची. तो येतो, धरून बघतो, म्हणतो अंगठ्यापाशी जरा जाड आहे. पुन्हा तासायची. पुन्हा येतो. असे महिने जातात. शेवटी वाद्य घरी नेताना माणसाचा चेहरा बघावा. सासरी निघालेल्या मुलीचा बाप आणि नवरदेव, दोन्ही त्याच चेहऱ्यात.

मी या धंद्यात आले ती माल मोजायला. गिरगावात एका वाद्यांच्या दुकानात नोकरी होती आणि दुकानाच्या मागच्या खोलीत पेद्रूअंकल बेस बनवायचे. त्यांच्या खोलीत स्क्रू बिस्किटांच्या डब्यात, बिस्किटं स्क्रूच्या डब्यात. मी एका रविवारी सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. सोमवारी ते माझ्याशी बोलले नाहीत. मंगळवारी त्यांनी पहिल्यांदा मला हाक मारली, “सुषमा, बारीक पटाशी कुठे ठेवलीस?” त्यानंतर मला विचारल्याशिवाय त्यांना काही सापडेना आणि मलाही हळूहळू पटाशी नुसती ठेवता येईना, लाकडावर चालवावीशी वाटायला लागली. आज ते नाहीत. त्यांच्या पटाश्या माझ्या परळच्या गाळ्यात आहेत, चिठ्ठ्या लावलेल्या डब्यात.

तर गिऱ्हाइकं. दादरचा एक मुलगा होता, केस कमरेपर्यंत, दंडावर कवट्या गोंदवलेल्या, वाजवायचा ते ऐकून शेजारच्या गाळ्यातला प्रिंटिंग प्रेसवाला मशीन बंद करून बघायला यायचा की आपलंच बिघडलं का. त्याची बेस मानेवरचे धातूचे पडदे बदलायला ठेवली होती. रोज संध्याकाळी फोन. “ताई, ती ठीक आहे ना?” एकदा कंटाळून मी म्हटलं, “ठीक आहे. आत्ताच जेवली.” मग म्हणाला, “नाही, म्हणजे पंखा चालू असतो ना रात्री?”

एका बँकेतल्या साहेबांनी आमच्याकडून हौसेने बेस बनवून घेतली. वाजवता येत नाही. रोज ऑफिसातून आले की पेटी उघडतात, नाक आत घालून सागवानाचा वास घेतात आणि पेटी बंद करतात. एकदा मी तारा बदलून दिल्या तर दुसऱ्या दिवशी हजर. “मॅडम, आवाजाबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण वास पहिल्यासारखा नाही.” पेटीत सागवानाचा थोडा भुसा कापडात बांधून ठेवून दिला. खूश झाले.

बँजो पार्टीतल्या एकाने खंडेनवमीला बेसची यथासांग पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूचा हार, इथपर्यंत ठीक. मग नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं, तेही नेमकं जिथे आवाजाची बटणं असतात तिथे. आता कोणतंही बटण फिरवलं की पापड भाजल्यासारखा आवाज. मी म्हटलं, “अहो, विजेच्या वस्तूवर पाणी?” तो म्हणाला, “ताई, पाणी कुठे, तीर्थ आहे.” मी बटणं बदलून दिली.

खाण्याचा नियम मात्र ज्याच्यामुळे झाला त्याचं नाव घेत नाही, तो हा अंक वाचतो. त्याने आदल्या दिवशी पॉलिश केलेल्या आपल्या बेसवरून वडापावच्या हाताने मायेने हात फिरवला होता.

मला हे सगळं पूर्वी जरा अतीच वाटायचं. वस्तू आहे, नीट वापरा, पुसून ठेवा, बिघडली तर आणा. परबकाकांच्या बेसपर्यंत माझं मत साधारण हेच होतं.

ती आली श्रावणात. भेटण्याची वेळ नसताना एक बाई काळी रेक्झिनची पेटी घेऊन जिना चढून आल्या. पस्तिशीच्या, ऑफिसातून थेट आलेल्या. नाव मानसी. सासर दादरला, माहेर लालबागच्या चाळीत. पेटी उघडली आणि मी खाली वाकले. बेसचं डोकं माशाच्या शेपटीसारखं कापलेलं होतं. पेद्रूअंकल सोडून तसं कोणी कापत नसे.

“बाबांची आहे,” मानसी म्हणाली. “दत्ताराम परब. ऑर्केस्ट्रात होते, तरुणपणापासून. घराला रंग काढलाय गणपतीआधी, तर म्हटलं हिलाही करून घेऊ. सगळं नवं करा ताई. रंग, तारा, सगळं. आणि हा खड्डा बुजवा. किती वाईट दिसतो.”

खड्डा होताच. सगळ्यात जाड तारेच्या वर, जिथे वाजवताना उजव्या हाताचा अंगठा टेकवतात, तिथलं लाकूड वर्षानुवर्षं घासून खोल गेलं होतं. रंग जाऊन आतलं सागवान चकचकीत झालेलं, सहाणेसारखं. मलाही वाटलं, बुजवलेलं बरं.

“आता वाजवतात का?” मी विचारलं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वाद्याबद्दल मी ठरावीक प्रश्न विचारते, त्यातला हा पहिला.

मानसीने पेटीची कडी उगाच उघडबंद केली. थंडीत परबकाकांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. सौम्य होता. हात हलायला लागला, चमचा धरतात, शर्टाची बटणं लावतात, बघून बघून. “पण उजव्या हाताला काही कळत नाही. अंगठ्याला तर अजिबात. चहाचा कप गरम आहे की गार, तेही वाफ बघून ठरवतात. दोनदा ही घेऊन बसले, मग पेटीत घालून कॉटखाली सरकवली.” तिने कडी लावून टाकली. “आमच्याकडे चतुर्थीच्या संध्याकाळी आरतीला बाबांची बेस असायची. बाहेर गॅलरीत माणसं उभी राहायची. आता सगळे विचारतायत, या वर्षी आहे ना? मी सांगून टाकलंय, नाही. म्हणून म्हटलं नवी करून मखराशेजारी भिंतीवर लावू. खिळा पण मारून घेतलाय. निदान समोर तरी राहील त्यांच्या. पण त्यांना सांगू नका हं, सर्प्राइज आहे.”

इथे माझा नियम आडवा आला. वाजवणाऱ्याने समोर बसून मांडीवर घेतल्याशिवाय मी कोणत्याही बेसला रंग लावत नाही. एकदा एकाच्या बायकोने नवऱ्याची बेस गुलाबी करून घेतली होती, तेव्हापासूनचा नियम. मानसीने खूप घासाघीस केली.

“अहो, ते वाजवणारच नाहीयेत, मग मांडीवर कशाला?”

“नियम आहे.”

“मग सर्प्राइज काय राहिलं?”

“सर्प्राइज इथेच द्या. शुक्रवारी, चार ते सहा.”

शुक्रवारी परबकाका आले. उंच, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट. उजवा हात खिशात. दारात थांबून त्यांनी पाटी मन लावून वाचली.

“मनू,” ते मुलीला म्हणाले, “यातला पेशंट कोण, मी की ही?”

बेस टेबलावर ठेवलेली होती. त्यांनी लांबूनच बघितली. मानसीने रंगाचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, बोलता बोलता तिचा आवाज जरा वरच गेला. काका ऐकत राहिले.

“कर ना. तुला हौस आहे तर कर. लाल कर. पेद्रूने लालच दिली होती.”

“तुम्हाला चालेल ना पण?”

“मला काय, मी आता प्रेक्षक.”

मी म्हटलं, “काका, आधी मांडीवर घ्यायची. सगळ्यांना घ्यायला लावते.”

“पेद्रूपण असाच होता. खडूस,” असं म्हणून ते बसले. मी बेस त्यांच्या मांडीवर दिली. डावा हात मानेवर गेला तो वाट न विचारता गेला. उजवा त्यांनी खिशातून काढला आणि तारांवर आणला. अंगठा लाकडावर टेकला, घसरला, तारांमध्ये अडकला. पुन्हा वर घेतला, पुन्हा घसरला. ते त्या हाताकडे असे बघत होते, जणू तो शेजाऱ्याकडून उसना आणलाय.

“बघितलंत?” मला म्हणाले. “बोटं चांगली आहेत. पण अंगठा कुठे आहे तेच कळत नाही, तर बोटांनी कुठून मोजायचं? झालं तुमचं? उठू?”

काका उठायला लागले, मानसी त्यांच्या हाताकडे बघत होती. मी खड्डे बुजवायच्या लांबीचा डबा उघडला. मनात कामाची आखणी सुरू झाली होती: खड्डा भरायचा, घासायचा, मग अस्तर, मग रंग. श्रावणात हवेत ओल असते, रंग दुधासारखा पांढरट पडतो, तेव्हा दिवे लावून खोली गरम ठेवायला लागणार. त्यातून माझा रंगवाला बाबी गणपतीच्या आधी माझा नसतोच, मूर्तींच्या कारखान्यात असतो. त्याला दोन तास मागून आणायचा.

“बाबा,” मानसी म्हणाली, “परत करा.”

“काय परत करू?”

“आत्ता उठताना हात काढलात, तेव्हा अंगठा जरा अडकला ना, ते. परत ठेवा बघू. वरून खाली आणा.”

त्यांनी हात वरून आणला. अंगठा लाकडावरून घसरत खाली आला आणि त्या खड्ड्यात जाऊन थांबला. पुढे सरकेना. बाकीची बोटं आपसूक तारांवर पडली.

“आता तिकडे बघा,” मानसी म्हणाली. “हाताकडे नाही. पाटीकडे बघा.”

काकांनी दाराकडे तोंड केलं. दोन बोटं हलली. बेसला वीज जोडलेली नव्हती, त्यामुळे आवाज तो काय, डबा हळू वाजवल्याएवढा. पण एक सूर, दुसरा, चौथा, पहिल्यावर परत. सरळ. मधे कुठे अडखळ नाही.

“कळतंय अंगठ्याला?” मानसीने विचारलं.

“छे. त्याला काय कळतंय. पण पडायचा थांबला.” त्यांनी तीच ओळ पुन्हा वाजवली, दाराकडे बघत. “बोटं घरी आली गं मनू.”

मी लांबीच्या डब्याचं झाकण लावलं. घट्ट बसत नाही ते, ठोकावं लागतं. त्या ठोकण्याच्या आवाजात जरा वेळ गेला ते बरं झालं.

“मग रंगाचं रद्द ना?” मी मानसीला विचारलं.

“रद्द का? सगळी लाल करा. तेवढी जागा सोडून.”

“ठिगळ दिसेल,” काका म्हणाले.

“दिसू दे.”

“लोक विचारतील.”

“लोकांना मी सांगीन.” मग तिने विचारलं, जरा घाईनेच, “आरतीला वाजवाल?”

काकांनी अंगठा खड्ड्यातून काढला आणि हात खिशात घातला. “घरात वाजवीन. चाळीसमोर नको. मधेच सुटला तर? इतकी वर्षं कोणी मागे वळून बघितलं नाही माझ्याकडे. ते आता नको.”

बाबी दुसऱ्या आठवड्यात आला, हातावर सोनेरी रंग, कानाच्या पाळीवर निळा. बेस उलटसुलट करून बघितली.

“ताई, ह्यो खड्डो बुजवूक इसारलात.”

“विसरले नाही. तेवढं सोडून रंगवायचं.”

बाबीने विचार केला. “मूर्तीचे डोळे सोडतंव तसा?”

“तसंच.”

“पण डोळे मागसून रंगवतंव. ह्यो कधी रंगवचो?”

“कधीच नाही.”

त्याने मान हलवली, चिकटपट्टीचा तुकडा काढला आणि त्या खड्ड्याच्या कडेने कात्रीने इतका गोल कापला की मी बघत राहिले. रंग सुकल्यावर पट्टी निघाली. गडद लाल बेस आणि त्यात बदामाएवढं उघडं सागवान. काका न्यायला आले ते भेटण्याच्या वेळेतच आले. जाताना जिन्यावरून वर ओरडून म्हणाले, “चतुर्थीला या. मोदक खायला. ऐकायला नाही, खायला.”

चतुर्थीच्या संध्याकाळी लालबागला जाणं म्हणजे काय असतं ते सांगायला नको. मी मागच्या गल्लीने गेले. परबांच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. आत नवा पिस्ता रंग, मखर, गणपती, आणि मखराशेजारी भिंतीत एक चकचकीत खिळा. रिकामा.

काका मखराच्या बाजूला स्टुलावर बसले होते, बेस मांडीवर, कॉटखालून काढलेला जुना स्पीकर पायाशी. मानसी माझ्या कानाशी म्हणाली, “दुपारपर्यंत नाही म्हणत होते. मग म्हणाले, तो खिळा बघवत नाही.”

आरती सुरू झाली. टाळ, घंटा, चाळीचे मिळून शंभर गळे, प्रत्येकाचा वेग वेगळा. आणि मग खालून काहीतरी आलं. ऐकू आलं असं म्हणता येणार नाही, लादीतून तळपायांना कळलं. हळूहळू सगळे गळे त्याच्यावर येऊन बसले. कोणी काकांकडे बघत नव्हतं. सगळे गणपतीकडे बघत होते. मी काकांच्या अंगठ्याकडे बघत होते. तो जागेवर होता.

दुसऱ्या आरतीच्या मधे कोणीतरी प्रसादाचं ताट डोक्यावरून पलीकडे दिलं, कोणाचं तरी कोपर काकांच्या खांद्याला लागलं आणि अंगठा सुटला. काकांनी तो वर आणला. घामाने निसटला. पुन्हा आणला. खालचा आवाज बंद झाला.

गॅलरीतली डोकी वळली. टाळ दोन ठोके पुढे गेले आणि तेही थांबले. काका खाली बघत होते, त्या लाल रंगातल्या लाकडाच्या तुकड्याकडे, आणि हात शोधत होता.

मानसीच्या हातात आरतीचं तबक होतं. तिने ते माझ्या हातात दिलं, दोन माणसांना बाजूला सारून स्टुलाशी गेली, वडिलांचा अंगठा धरला आणि त्या खड्ड्यात नेऊन ठेवला. खाली बघितलं नाही. अंधारात दिव्याचं बटण दाबावं तसं. मग बाहीने त्याच्यावरचा घाम पुसला.

“हं,” ती म्हणाली.

काकांनी डोकं वर केलं. “तबक कोणाकडे दिलंस?”

“सुषमाताईंकडे.”

“त्यांना सांग, ते फिरवायचं असतं.”

लोक हसले. मी तबक फिरवायला लागले. तळपायांखालची लादी पुन्हा थरथरली, टाळ त्याच्यावर आले, गळे आले, आणि एकेक करून सगळी डोकी काकांकडून वळून परत गणपतीकडे गेली.